उलबोसनने खाल्लेले पाच गोल

कोर्गासीन गावच्या शिशाच्या कारखान्यात तेमिरगाली भट्टीवर होता. त्याला चार मुली झाल्या. पाचवीही मुलगीच झाली, तेव्हा आजीने तिचं नाव उलबोसन ठेवलं. उलबोसन म्हणजे ‘मुलगा होवो’. असं नाव ठेवलं की पुढच्या खेपेला मुलगा होतो, अशी आमच्याकडे समजूत आहे. पुढच्या खेपेला मुलगी झाली. तिचं नाव साधंच ठेवलं आणि तेमिरगालीने तो विषय कायमचा मिटवला.

त्यांच्या चार इमारतींच्या मधल्या अंगणात नोव्हेंबर लागला की झाडूवाला पाण्याचा पाइप सोडून निघून जायचा. सकाळी तिथे बर्फाचं मैदान झालेलं असे आणि ते मार्च सरेपर्यंत टिके. अंगणातली मुलं त्यावर हॉकी खेळत. गोलमध्ये उभं राहायला मात्र कोणी तयार नसे. या खेळात चेंडूच्या जागी असते ती रबराची चकती उणे वीस अंशांत दगडासारखी होते, आणि ती कुठे लागेल याचा नेम नसतो. उलबोसन सात वर्षांची होती. तिच्या अंगातला कोट चौघी बहिणींनी वापरून झाल्यावर तिच्यापर्यंत आला होता. आईने दर वर्षी त्यात नवा कापूस भरून तो इतका जाड करून ठेवला होता, की चकती लागली तरी उलबोसनला ते दुसऱ्याने सांगावं लागे. मुलांनी तिला गोलमध्ये उभं केलं.

तिला ते आवडलं. बाकीचे सगळे जीव तोडून पळत, तिला एका जागी उभं राहायला मिळे. सहा बहिणी, आईवडील आणि आजी अशा दोन खोल्यांच्या घरात जिच्यावर दुसरं कोणी हक्क सांगणार नाही अशी जागा तिला कुठेच नव्हती. इथे गोलची खूण म्हणून ठेवलेल्या दोन बुटांच्या मधली जागा तिची होती.

तिसऱ्या मजल्यावर आर्नोल्द कार्लोविच नावाचे जर्मन वंशाचे गृहस्थ राहत. ते क्रीडाशाळेत मुलांचे प्रशिक्षक होते. खिडकीत सिगारेट ओढत ते आठवडाभर हा खेळ बघत होते. आठव्या दिवशी ते घरातल्या चपला घालूनच खाली आले.

“तू हलत का नाहीस गं?” त्यांनी विचारलं.

“चकती माझ्याकडेच येते,” उलबोसन म्हणाली.

आर्नोल्द कार्लोविचनी यावर थोडा विचार केला. वीस वर्षं ते मोठमोठ्या मुलांना हेच समजावून सांगत होते आणि त्यांना ते पटत नव्हतं.

“उद्या क्रीडाशाळेत ये. वडिलांना विचारून ये.”

“वडिलांना सहा मुली आहेत. मी कुठे जाते ते त्यांना कळणार नाही.”

क्रीडाशाळेतल्या कारकुनाने नाव विचारलं, ‘उलबोसन’ असं लिहिलं आणि पुढच्या रकान्यात ‘मुलगा’ असं लिहिलं. नावातच मुलगा होता, त्याचा तरी काय दोष. मग त्याने कानटोपीतून बाहेर आलेल्या वेणीकडे पाहिलं आणि जरा घुटमळला.

“कार्लोविच, काही चुकलं का माझं?”

आर्नोल्द कार्लोविचनी वही हातात घेऊन ती ओळ नीट वाचली. “शुद्धलेखन बरोबर आहे,” ते म्हणाले आणि वही मिटली.

सहा वर्षं उलबोसन मुलांच्या संघात गोल राखत होती. तेराव्या वर्षी, एका स्पर्धेआधीच्या तपासणीत डॉक्टरीणबाईंच्या सगळं लक्षात आलं. वरच्या कार्यालयाने चौकशी समिती नेमली. मुलीने खेळू नये असं नियमात कुठे लिहिलेलं नव्हतं, कारण ते लिहावं लागेल असं कोणाला वाटलंच नव्हतं. समितीने बारा जणांचे जबाब घेतले. पण अहवाल तयार व्हायच्या आत जुना मोठा देशच फुटून आमचा वेगळा देश झाला, आणि ज्या कार्यालयाला तो द्यायचा ते कार्यालयच उरलं नाही. उलबोसन खेळत राहिली.

पुढची वर्षं वाईट होती. वीज जायची, बंदिस्त मैदानावरचा बर्फ वितळायचा, पुन्हा गोठायचा आणि त्यात लाटा उमटायच्या. आर्नोल्द कार्लोविच बायकोमुलांसह जर्मनीला निघाले. स्टेशनावर पोचवायला उलबोसन गेली होती. ते डब्याच्या दारात उभे राहिले, आणि निरोपाचं बोलायचं म्हणून बोलले, “गुडघे आधी टेकू नकोस. समोरच्याला आधी ठरवू दे. तो काय करतोय ते बघ, मग टेक.”

“बरं,” ती म्हणाली.

“तिकडे गोलरक्षकांना म्हणे वेगळा प्रशिक्षक असतो,” ते म्हणाले. गाडी सुटली.

पुढच्याच वर्षी गावात बायकांचा संघ निघाला. सतरा वर्षांची उलबोसन त्याची गोलरक्षक झाली आणि पंधरा वर्षं राहिली. या काळात संघ नऊ वेळा देशात पहिला आला. एका आशियाई स्पर्धेच्या अंतिम सामन्यात तिच्यावर एकेचाळीस फटके आले, तिने चाळीस अडवले आणि सुवर्णपदक घेऊन ती घरी आली. तेमिरगालीने पदक हातात घेतलं, तळव्यावर तोललं. तीस वर्षं तो धातू वितळवत होता.

“हे सोनं नाही,” तो म्हणाला.

“वरून मुलामा असतो, बाबा.”

“आत काय आहे ते मी सांगू शकतो.”

“नका सांगू,” ती म्हणाली. त्याने सांगितलं नाही. मात्र दुसऱ्या दिवशी तो पदक कारखान्यात घेऊन गेला आणि ते तीन दिवस घरी आलं नाही. एका पाळीकडून दुसऱ्या पाळीकडे ते फिरत होतं.

बत्तिसाव्या वर्षी तिचा खेळ संपला. पंधरा वर्षं तिच्या अंगावर लोक चकत्या मारत होते, धडकत होते, स्केटच्या पात्यांसकट तिच्यावर पडत होते, त्यात तिला काही झालं नाही. फेब्रुवारीतल्या एका सकाळी ती भाकरीचं दुकान आणि बसथांबा यांच्या मधल्या बर्फावरून घसरली आणि उजव्या गुडघ्याच्या चिंधड्या झाल्या. डॉक्टरांनी कागदावर ‘घरगुती अपघात’ असं लिहिलं. तिचा नवरा तोलेगेन त्या थांब्यावर येणारी बस चालवत होता. त्याने तिला प्रवाशांसकट दवाखान्यात नेलं. प्रवाशांनी कुरकुर केली नाही. दोघे तर तिचा गुडघा कसा धरायचा यावर वाद घालत राहिले.

क्रीडाशाळेने तिला मुलींचा वेगळा, नवा संघ दिला. दिला म्हणजे, तो घ्यायला दुसरं कोणी नव्हतं. मुलांना मैदान सातनंतर मिळे, मुलींना सकाळी सहाला. मुली तिला आपाय म्हणत. शिकवणाऱ्या बाईला आम्ही असंच म्हणतो.

उलबोसन आपाय कमी बोलत. मैदानाच्या कठड्यामागे हाताची घडी घालून उभ्या राहत आणि मधूनच एखादं वाक्य टाकत. “झोपलीस?” “दिसत नव्हती का?” “का टेकलीस?” मुलीने फारच अप्रतिम काही केलं तर त्या “चालेल” म्हणत. हे ‘चालेल’ मिळालेल्या मुली घरी जाऊन सांगत, आणि एकीच्या आईने त्या आनंदात पिठाचे बाउरसाक तळून शेजारी वाटले होते.

सगळ्यात जास्त बोलणी बसत ती गोलरक्षक अकमारलला. अकमारल एकोणीस वर्षांची, उंच, हुशार आणि खादाड. तिची एकच खोड होती: ती गुडघे आधी टेकायची. समोरची मुलगी नुसती काठी उचलायची, आणि अकमारल खाली. चकती मग निवांत खांद्यावरून आत. अशा प्रत्येक गोलाबद्दल आपाय तिला प्रेक्षकांच्या पायऱ्या चढायला लावत. अकमारल चढायची. उलटून बोलायची नाही, पण पाय जरा जोरात आपटायची.

आपायच्या नवव्या वर्षी हा मुलींचा संघ पहिल्यांदाच देशाच्या अंतिम सामन्यापर्यंत पोचला. सामना कारागांदी शहरात, समोर राजधानीचा संघ. नोंदणीच्या कागदावर दोन गोलरक्षकांची नावं लागतात. दुसऱ्या मुलीचं मनगट महिन्यापूर्वी मोडलं होतं. वयाची अट नव्हती, म्हणून उलबोसनने त्या रकान्यात स्वतःचं नाव लिहिलं. रकाना भरला, काम झालं.

गाडीचा प्रवास लांबचा. एका स्टेशनावर बायका धुरावलेले मासे घेऊन डब्यापाशी आल्या. “फलाटावरचं कोणी काही खायचं नाही,” उलबोसनने बजावलं. सगळ्यांनी ऐकलं. अकमारलने दोन मासे घेतले, वरच्या बर्थवर चढून भिंतीकडे तोंड केलं आणि काट्यांसकट संपवले.

सामन्याच्या दिवशी सकाळी ती न्हाणीघरातून बाहेरच येईना. कर्णधार तोन्या दारापाशी जाऊन आली.

“आपाय, ती म्हणते, मासे होते.”

“किती?”

तोन्याने आत जाऊन विचारलं. “दोन.”

“मोठे?”

तोन्या पुन्हा आत गेली. “मोठे.”

सामना चार तासांवर होता. पंचांनी कागद पाहिला. “तुमच्याकडे दुसरी गोलरक्षक आहे,” ते म्हणाले, “तेमिरगालीची मुलगी उलबोसन, वय एकेचाळीस. कुठे आहे?”

“ही काय,” उलबोसन म्हणाली.

पंचांनी तिच्याकडे पाहिलं, मग गुडघ्याकडे. त्यांनी तिला तरुणपणी खेळताना बघितलं होतं. त्यांनी मान हलवली आणि सही केली.

पॅड अकमारलचे, स्केट अकमारलचे, मुखवटाही अकमारलचाच. त्यावर तिने रंगाने एक हिमबिबट्या काढला होता, तो जरासा मांजरासारखा झाला होता. नऊ वर्षांत उलबोसनने हे पट्टे बांधले नव्हते. अकमारल बादली शेजारी ठेवून तिच्यासमोर जमिनीवर बसली आणि एकेक पट्टा आवळू लागली. मधून मधून ती थांबे, बादलीकडे वळे, परत येई.

“घट्ट होतंय का, आपाय?”

“होतंय.”

“मग बरोबर आहे.”

उलबोसन बर्फावर उतरली, तेव्हा प्रेक्षकांतल्या म्हाताऱ्या लोकांनी टाळ्या वाजवल्या. तरुणांनी त्यांना विचारलं, ही कोण.

चाळिसाव्या सेकंदाला पहिला गोल झाला. राजधानीच्या सतरा नंबरच्या मुलीने काठी उचलली, उलबोसनने गुडघे टेकले, चकती खांद्यावरून आत गेली. तिने मागे वळून जाळीतल्या चकतीकडे पाहिलं. ती कधी आली हे तिला खरोखर कळलं नव्हतं. कठड्यामागून नऊ वर्षं तिला चकती बशीएवढी दिसायची, आणि आरामात यायची. इथून समोर नुसते पाय, काठ्या, पाठी दिसत होत्या, आणि त्यांच्या गर्दीतून मधेच काहीतरी काळं सुटत होतं. आठव्या मिनिटाला दुसरा गोल झाला, तसाच.

तिने खेळायचं म्हणजे बाकावरून खेळाडू बदलायला कोणी उरत नव्हतं. ते काम अकमारलने घेतलं. बादली मांडीत धरून ती ओरडत होती, “तोन्या बाहेर, दुसरी फळी आत, अगं तू नाही, ती.” मुली निमूट ऐकत होत्या. त्या दुसऱ्या फळीतल्या मुलींनी एक गोल केलाही.

पहिलं सत्र संपलं. उलबोसनने मुखवटा काढला. अकमारल येऊन शेजारी बसली.

“आपाय, रागावणार नसाल तर एक सांगू?”

“रागावेन. सांग.”

“तुम्ही आधी टेकलात.”

“माहीत आहे.”

“दुसऱ्या वेळीसुद्धा.”

“तेही माहीत आहे.”

“याच्यासाठी मला तुम्ही गेल्या महिन्यात पन्नास वेळा पायऱ्या चढायला लावल्या.”

उलबोसनने पाण्याचा घोट घेतला. “साठ,” ती म्हणाली.

कोणीतरी फिसकन हसलं आणि लगेच खोकल्यासारखं केलं. तोन्याने स्केटच्या नाडीत फार लक्ष घातलं.

“तू का टेकतेस आधी?” उलबोसनने विचारलं. नऊ वर्षं ती ‘का टेकलीस’ असं विचारत आली होती. उत्तरासाठी मात्र ती आज पहिल्यांदाच थांबली.

अकमारल अडखळली. “चकती दिसत नाही म्हणून. दिसली नाही की वाटतं, निदान खालची बाजू तरी झाकावी.”

“हं.”

“तुम्हाला दिसायची का, आपाय? त्या एकेचाळीस फटक्यांच्या वेळी?”

उलबोसनने पाण्याच्या बाटलीचं झाकण लावलं. त्या सामन्याबद्दल तिने आजवर कितीतरी वेळा सांगितलं होतं, शाळांत, सत्कारांत, एकदा रेडिओवर. त्या चाळिसांपैकी निम्म्या चकत्या तिला दिसल्याच नव्हत्या. ती उभी होती आणि त्या येऊन लागल्या होत्या. हे ती कोणाला बोलली नव्हती, आणि पुढे पुढे स्वतःच विसरून गेली होती.

“निम्म्या दिसल्या,” ती म्हणाली.

मुलींनी एकमेकींकडे पाहिलं.

“मग एक करा,” अकमारल म्हणाली. तिचा आवाज आता धीट झाला होता. “सतरा नंबर मारायच्या आधी जीभ बाहेर काढते. नुसती काठी उचलली तर ते सोंग. जीभ आली की खरं. आणि चार नंबर नेहमी डावीकडे मारते, पण बघते उजवीकडे.”

“हे तुला कधीपासून माहीत आहे?”

“दोन वर्षं झाली.”

“बोलली नाहीस ती?”

“तुम्ही विचारलं नाहीत,” अकमारल म्हणाली आणि बादली घेऊन घाईने बाहेर गेली.

दुसऱ्या सत्रात उलबोसन चकतीच्या नादी लागली नाही. ती जिभा बघत राहिली. सतरा नंबर तीनदा आली, तिन्ही वेळा जीभ दिसल्यावरच उलबोसन टेकली, आणि तिन्ही वेळा चकती तिच्या छातीवर आदळून खाली पडली. चार नंबरचे दोन फटके तिने उजवीकडे न बघताच अडवले. गुडघा दर वेळी एखाद्या जुन्या दारासारखा वाजत होता. तरीही आणखी दोन गोल झालेच; एक निव्वळ सुंदर होता, आणि एक उठायला तिला उशीर झाला म्हणून गेला. पण मुली कशा कोण जाणे मोकळ्या झाल्या होत्या. दर वेळी चूक झाली की कठड्याकडे मान वळवून बघायची त्यांना सवय होती. आज कठड्यामागे कोणी हाताची घडी घालून उभं नव्हतं. त्या खेळत राहिल्या. तिसऱ्या सत्राच्या मध्यावर चार-चार झालं. राजधानीच्या संघाविरुद्ध त्यांनी याआधी एका सामन्यात दोनपेक्षा जास्त गोल कधीच केले नव्हते.

दोन मिनिटं उरली असताना एक साधाच फटका आला. तो बाहेर जाणार होता. आडवी आलेली तोन्या त्याला अडवायला गेली, चकती तिच्या स्केटला लागून वळली आणि उलबोसनच्या डाव्या पायामागून आत गेली. पाच-चार. तोन्या बर्फावर गुडघ्यांवर बसली आणि उठेना. उलबोसन गोल सोडून तिच्यापर्यंत सरकत गेली.

“ऊठ.”

“आपाय, माझ्यामुळे गेलं.”

“तू आडवी गेलीस ना?”

“गेले.”

“चालेल,” उलबोसन म्हणाली. तोन्या उठली. सामना तेवढ्यावरच संपला.

परतीच्या गाडीत पहिला तासभर सगळ्या आपापलं सामान आवरत राहिल्या. मग कोणीतरी चहा आणला, कोणीतरी सतरा नंबरसारखी जीभ बाहेर काढून कप उचलला, आणि डबा हसायला लागला. उलबोसन खिडकीशी गुडघ्यावर बर्फाची पिशवी धरून बसली होती. तिने विचारलं, “माझ्याबद्दल अजून कोणाला काय काय माहीत आहे?” मुलींनी आधी आढेवेढे घेतले. मग सांगायला सुरुवात केली, आणि ते रात्रीच्या जेवणापर्यंत पुरलं. आपाय घोटीव वाक्यं पाठ करून येतात, हेही त्यात होतं. आपाय रागावल्या की डावा कान लाल होतो, हेही. ‘चालेल’ हे फार कमी आहे, असं सगळ्यात लहान मुलीने चाचरत सांगितलं. उलबोसनने सगळं ऐकून घेतलं. कान लाल झाला होता.

स्टेशनावर तोलेगेन बस घेऊन आला होता. हॉकीतलं त्याला तेव्हाही काही कळत नव्हतं, आजही कळत नाही.

“छान झालं म्हणे,” तो म्हणाला.

“हरलो.”

“असं होय. चढा सगळ्या.”

त्यानंतर पायऱ्यांची शिक्षा बंद झाली. कोणी जाहीर केलं नाही, ती फक्त होईनाशी झाली. सामन्यानंतर अकमारलला वेगळं बसवून तिने काय काय पाहिलं ते विचारायची पद्धत पडली. अकमारल टेकायची आधीच, पण पूर्वीपेक्षा कमी. दोन वर्षांनी त्याच संघाला कोर्गासीनच्या मुलींनी दोन-एक असं हरवलं आणि पहिल्यांदा विजेतेपद घेतलं. बातमीदाराने उलबोसनला विचारलं, यामागचं रहस्य काय.

“आम्ही दोन गोल केले. त्यांनी एक,” ती म्हणाली. बातमीदाराने ते छापलं.

अकमारल आता खेळत नाही. तिचं लग्न झालं, एक मुलगी झाली, आणि ती क्रीडाशाळेत गोलरक्षकांची प्रशिक्षक आहे. हे पद पूर्वी नव्हतं. उलबोसनने त्यासाठी चार वर्षं अर्ज केले, आणि ते मंजूर करणाऱ्या अधिकाऱ्याने शेवटी अर्ज वाचायचा कंटाळा येऊन सही केली.

गुरुवारी सकाळी सहाला मुलींचा सराव असतो. त्या दिवशी उलबोसन पॅड बांधून स्वतः गोलमध्ये उभी राहते आणि सगळ्या, अगदी दहा वर्षांच्या पोरीसुद्धा, तिच्यावर फटके मारतात. गुडघा दुखतो म्हणून डॉक्टरांनी तिला याची मनाई केली आहे. ती डॉक्टरांकडे जात नाही. गेल्या गुरुवारी अकरा गोल झाले. मोजायला कोणी सांगितलं नव्हतं, मुलींनी आपणहून मोजले आणि कपडे बदलायच्या खोलीच्या दारावर खडूने आकडा लिहिला. सात वाजता मुलांचा संघ आला, त्यांच्या प्रशिक्षकाने तो आकडा पाहून विचारलं, “हे कसलं?”

“माझं,” उलबोसन म्हणाली, आणि पॅड खांद्यावर टाकून जिना उतरू लागली, एकेक पायरी, कठडा धरून.